चार बोटं दुमड

नाही हो भाभी, लांब नाही झालेला — खाली चार बोटं कापड दुमडून ठेवणार आहे, वाढत्या अंगाची पोर, दर वर्षी थोडं उसवायचं, नवा गणवेश कशाला? बेटा, हात खाली, स्टुलावर सरळ उभी राहा. हां. साहेब अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच आलात ना दुकानात? मग ऐका — आपली संघटना याच टेबलाभोवती सुरू झाली. कामाधंद्यासाठी मुलूख सोडून आलेली आम्ही मूठभर माणसं, शुक्रवारची नमाजसुद्धा इथेच, कापडाचे तागे भिंतीला सारून. तीन मजली शाळा, बस — काही म्हणजे काही नव्हतं. सगळ्यांना एकच घोर, माणूस गेलं तर पुरायचं कुठे? दिवसभराच्या वाटेवरचं दुसरं शहर गाठावं लागायचं. म्हणून कब्रस्तानासाठी वर्गणी काढली, जमीन मिळाली — आणि मीच उभा राहिलो. म्हटलं, मेलेले थांबतील, पोरं नाही थांबणार, इथे शाळा बांधा. का म्हटलं? घरात माझी लेक होती ना, हिच्याएवढीच! परक्या शाळेत कोपऱ्यात एकटी बसायची, घरी आली की तोंडातून शब्द नाही. लोकांनी माझं ऐकलं. गणवेशाचा पहिला नमुना तिच्याच अंगावर बेतला — घातला तो उतरवायलाच तयार नाही, आरशासमोरून हलेना.

भिंती खांद्याएवढ्या आल्या आणि तिला ताप आला. तापाचं निमित्त झालं, गेली. इथे कुठे ठेवणार? जागेवर तर शाळा. त्या दुसऱ्या शहरात ठेवून आलो, अनोळखी माणसांत — तिथेही कोपराच मिळाला तिला. आता गुडघे गेले, जाणं होत नाही. रडू येतं, काय करू.

आणि गेल्या महिन्यात आपलं कब्रस्तान झालं, तुम्ही होतातच की. साहेबांनी ठराव मांडला, यापुढे आपलं एकही माणूस परगावी न्यायचं नाही. सगळ्यात आधी हात कुणाचा वर? माझा! मिठ्या काय मारल्या लोकांनी — चाचा, पहिल्या रांगेत तुमची जागा. मीही हसलो. घरी येऊन जोडे काढताना डोक्यात शिरलं — अरे, म्हणजे मी इथे आणि ती तिथे. कायमची.

भाभी, साहेबांना जरा विचाराल? एका माणसापुरता ठराव बाजूला — मला तिच्या शेजारी — नाही, राहू द्या. उद्या प्रत्येकजण मागेल, आणि साहेब तरी कुणाकुणाला हो म्हणणार.

उतर बेटा, झालं माप. हे खालचं दुमडलेलं कापड आईला आठवणीने उसवायला सांग हं दर वर्षी. माझ्या लेकीचं उसवायचं राहूनच गेलं.

गुरुवारी घेऊन जा. निघा आता, मला शटर ओढायचंय.