बटाटा, पाव आणि ब्राझीलचा गडी

हसाल तुम्ही, पण ऐका. दुबईकडं, अमिरातीतल्या खोर फक्कानच्या एका क्लबात मी स्वयंपाकी होतो, तेव्हा ब्राझीलचा एक फुटबॉलवाला आला. त्याची भाषा कुणाला येईना, त्याला जेवण जाईना, आणि गोल काही होईना. मॅनेजर म्हणाला, "अजून एक मॅच बघतो, मग खलास. घरी पाठवतो."

त्या दिवशी मी आपला स्वतःशीच पुटपुटत होतो, "बटाटा उकडला, पाव शेकायचा राहिला."

गडी ताडकन उठला. "बटाटा? पाव?"

हे शब्द त्याच्याही पोर्तुगीज भाषेतले निघाले! मग काय, भडाभडा बोलतच सुटला. मी "हो रे बाबा" म्हणत वडे तळत गेलो, तो खात गेला.

पुढच्या मॅचला त्यानं गोल मारला. मॅनेजर धावत आला, "चाचा, तुमको इसकी भाषा आती है?"

म्हटलं, "भाषा नहीं साहब, वडापाव आता है."