विमलबाईंची चटई

बसा, सगळे बसा. मागं उन्हात उभे असलेले भाऊ, तुम्ही भी आत या. बाईंच्याच वर्गात जमलो आपण. बाई जाऊन पाच दिवस झाले, अन् मी अजून त्यायच्या खुर्चीकडं पाहून बोलून राह्यलो. सांभाळून घ्या.

मी सिंदेवाहीचा. मागच्या वर्षी एटापल्लीच्या पुढं, या शाळेत गुरुजी म्हणून आलो, तेव्हा मोहाचे दिवस होते. लेकरं पहाटेच मायबापासंगं मोहफुलं वेचाले जायची अन् वर्गात येऊन पेंगायची. विमलबाई रागवत नव्हत्या. मागच्या भिंतीजवळ चटई टाकायच्या. "निजा थोडे," म्हणायच्या. लेकरू उठलं की जवळ बसून विचारायच्या, "काय दिसलं?" मग स्वप्नं निघायची. कोणाची मराठीत, कोणाची गोंडीत. खोलीभर मोहाचा गोड वास, अन् त्यात झाडावर चढणारा मासा, गाणं म्हणणारं अस्वल. मले अर्धं समजत नव्हतं. बाई मात्र सगळं ऐकायच्या.

मले हे फाजील लाड वाटले. एक दिवस बाई नव्हत्या. चटईवर दुसरीतली सोमी झोपली होती. शाळेत कधी तोंडच न उघडणारी पोरगी. मी टेबलावर पट्टी आपटली. ती दचकून उठली, माझ्याकडं पाहिलं अन् पळाली. आठ दिवस शाळेत आली नाई.

बाई परत आल्या, त्यायले कळलं. फक्त म्हणाल्या, "गुरुजी, उद्या पहाटे माझ्यासंगं चला."

सोमीच्या घरच्या मोहाखाली नेलं त्यायनं. धुकं होतं, फुलं टपटप पडत होती. वाकून वाकून माझी कंबर गेली, तरी टोपली अर्धीच. सोमीची दोनदा भरली. माझी टोपली पाहून ती हसली, अन् आमच्यासंगंच शाळेत आली. अन् काय सांगू, वर्गात बसल्या बसल्या मीच झोपलो!

जाग आली तर वर्ग चिडीचूप. बाईंनी सगळ्यायले गप्प बसवलं होतं. समोर सोमी उभी.

"गुरुजी, काय दिसलं?"

शाळेतलं तिचं पहिलं बोलणं ते.

"नदी दिसली," मी म्हणालो.

"पाणी होतं काय?"

"होतं."

मग ती खाली बसली अन् आपलं स्वप्न सांगू लागली. बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या. त्या पट्टीची माफी मी त्यायले कधीच मागितली नाई. आज तुमच्यासमोर मागतो. बाई, चुकलो मी.

आज सकाळी सोमीनं मले विचारलं, "गुरुजी, बाईले आता काय दिसत असन?"

मी म्हणालो, सभेत सगळ्यायलेच विचारू.

अशा सभेत दोन मिनिटं उभं राहतात. आपण नको राहू. बसल्या जागीच डोळे मिटा. ज्याचे जेव्हा उघडतील, तेव्हा उघडू द्या. मग शेजारच्याले हळूच विचारा, काय दिसलं.

मिटा डोळे. मी पट्टी वाजवणार नाई.