रुख्माबाईंना मी दाखवलेली जागा

मराठी मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष माणिकराव भाकरे साहेब, मंचावरील प्राचार्य महोदय, किरनापूरकडून मुद्दाम आलेले मुख्याध्यापक तेजराम गुरुजी, माझे सहकारी, विद्यार्थी आणि बालाघाटच्या या सभागृहात जमलेल्या बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांना प्रभाकर हर्षेचा नमस्कार. मागच्या रांगांतल्या मुलांची मराठी जरा कच्ची आहे, ठाऊक आहे मला. पण एकतीस वर्षं अभियांत्रिकीच्या वर्गात हिंदीतूनच शिकवलं. आज निवृत्त होताना एवढी सूट द्या.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. सरांच्या संगणकानं सांगितलं ते तंतोतंत खरं ठरलं आणि एकसष्ट मुलं वाचली, असं तिघांनीही सांगितलं. त्यासाठीच ही शाल माझ्या खांद्यावर आहे. आपल्या प्रेमाचा अनादर करायचा नाही, पण पुरी हकीकत सांगितल्याशिवाय ही शाल घरी नेणं मला जमणार नाही.

तेजराम गुरुजींच्या शाळेपासून दोनशे पावलांवर एका गिट्टी खदानीचं, म्हणजे खडीच्या खाणीचं, बारूदघर होतं, सुरुंगाची दारू ठेवायची खोली. रोज सव्वाबाराला भोंगा वाजायचा, खदानीत सुरुंग उडायचे, शाळेच्या खिडक्या थरथरायच्या. गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, ते बारूदघरच उडलं त शाळेचं काय होईन, तेवढं सांगा."

माझी विद्यार्थिनी समीक्षा आणि मी कामाला लागलो. शाळेचा सरकारी नकाशा घेतला. भिंती, कॉलम, स्लॅब, आतल्या सळया, सगळ्याचे संगणकात लाखो बारीक तुकडे केले आणि त्यावर स्फोटाचा दाब सोडला. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढ्यात जे घडेल ते मोजायला आमचा संगणक दोन दिवस चालायचा. तिसऱ्या दिवशी समीक्षा पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, ये दीवार तो गई." बारूदघराकडची अख्खी भिंत आत कोसळत होती.

अहवाल दिला. बारूदघर हलवा, नाहीतर शाळा हलवा. कुठे कुठे दिला ते सांगत बसत नाही. सगळीकडे पोच मिळाली, उत्तर कुठूनच आलं नाही. शेवटी गुरुजींनी आपल्या जबाबदारीवर मुलं पलीकडच्या दोन खोल्यांत कोंबली. मुलं वाचली ती या माणसामुळे. टाळ्या वाजवायच्या तर त्यांच्यासाठी वाजवा.

स्वयंपाकघर मात्र हलवता येईना. ते त्याच बाजूला होतं आणि तिथे रुख्माबाई मुलांचं दुपारचं जेवण रांधत होत्या. मी त्यांना म्हटलं, "बाई, भोंगा वाजला की मागच्या मैदानात जात जा."

त्या म्हणाल्या, "अन् भात करपला त? एवढ्या लेकरायले काय वाढू? मले इथलीच एखांदी जागा सांगा."

मी संगणकात जागा शोधली. कोपऱ्यातला कॉलम सगळ्या हिशेबांत उभा राहत होता. मी स्वतः जाऊन तिथे खडूनं खूण केली. "इथे पाठ लावून उभ्या राहा," म्हटलं. "हौ," म्हणाल्या. आठ महिने रोज सव्वाबाराला त्या तिथे उभ्या राहिल्या.

गेल्या वर्षी सप्टेंबरात, एका मंगळवारी, भोंगा वाजला. सुरुंगासाठी माल काढताना बारूदघरच उडालं. खदानीतले दोघे जागीच गेले. भिंत आम्ही दाखवली होती तशीच पडली. आणि कोपऱ्यातला कॉलमही मधोमध मोडला. रुख्माबाईंचा डावा पाय त्याखाली सापडला. गुडघ्याखाली कापावा लागला.

ढिगाऱ्यातल्या त्या कॉलमच्या सळया मी मोजल्या. नकाशात सहा होत्या, तिथे चार निघाल्या. प्लास्टर फोडून बघायची परवानगी मी एकदा मागितली होती. ती आली नाही, तेव्हा नकाशावरचा आकडा टाकून मोकळा झालो. संगणक बिचारा काय करणार? मी सहा सांगितल्या, त्यानं सहाच धरल्या.

त्यांना भेटायला गेलो तेव्हा हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमी कायले जीव जाळता? तुमी काय कॉलम बांधला होता?" मग त्यांनीच विचारलं, "नवी शाळा कोठी बांधून राह्यले म्हने?"

मंडळी, नवी शाळा त्याच जागेवर बांधताहेत. पायाही खणून झाला. खदान मार्चपासून पुन्हा सुरू आहे आणि नवं बारूदघर जुनं होतं तिथेच उभं राहिलं आहे. मी पुन्हा अहवाल दिला, पोच मिळाली. या महिनाअखेरीनंतर सही करायला माझ्याकडे पदही उरणार नाही. रुख्माबाईंना मी काय उत्तर द्यायला हवं होतं?

वेळ बराच घेतला. मंडळानं, महाविद्यालयानं आणि समीक्षानं केलेल्या या कौतुकाबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, समारंभाला न शोभणारं काही आलं असेल, तर आपण मोठ्या मनानं विसरून जावं. ज्यांची खरी माफी मागायची, त्यांच्या दारी मी दर महिन्याला जातो. पण मी तोंड उघडायच्या आत त्या कुबडी घेऊन चहा ठेवायला उठतात, आणि मला त्यांना बसा म्हणणंही जमत नाही.

नमस्कार.