पंपाचे शाफ्ट आणि कैलासचा नवस

बोईसर स्टेशनबाहेर सालवडच्या रिक्षेची रांग. माझ्यापुढे भट्टीवरचे कैलास आणि त्यांच्याच कारखान्यात माल तपासणारी प्रतीक्षा.

"मॅडम, पंपाचे स्टेनलेसचे शाफ्ट मी कमी तापवले. पार्टीला चिवट पायजे होते, ते नुसते कडक झाले. आता लॉट भंगारात आनि मी घरी."

"कोण म्हणालं?"

"मीच म्हनतोय."

"म्हणून आज कामावर आला नाहीत? कैलासदादा, जास्त तापले असते तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. कमी तापलेत, तर भट्टी वाढवून पुन्हा तापवायचे. कडकपणा उतरतो."

"खरा सांगता?"

"आज एक तापवून मोजला. हवा तसाच आला. बाकीचे उद्या तुम्हीच लावायचेत, साहेबांनी सांगितलंय."

"रातभर डोला नाय लागला, मॅडम."

"झोपा आता."

"झोपतो. पन देवीला बोललोय, नोकरी वाचली तर मासली सोडीन."

"किती दिवस?"

"ता बोलायचा राहिला."

"मग सुटलात की."

"कुठला सुटतो? बायको बाजूलाच बसलेली. तिनं 'जन्मभर' म्हनून टाकला."