गिरणी कुठे टाकायची

आमच्याकडच्या मोठ्या माणसांना नकाशा कळतो तो बांधावरून भांडण्यापुरता. म्हणूनच आमच्या शेजारच्या कांबळे बाईंचं मला कौतुक.

बाई लोणावळ्यात नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांची सून संगीता कंपनीतली नोकरी सोडून पिठाची गिरणी टाकणार होती. जागा चुकली, तर नोकरीही गेली आणि गिरणीही. माझे चुलते म्हणाले, "लोणावळ्यातच, तुंगार्लीत टाक. तितं बंगले लय हायेत."

मी कॉलेज सोडलेला, पण लॅपटॉपवाला. इंटरनेटवरच्या फुकट नकाशात छपरं मोजली, जनगणनेच्या तक्त्यातली घरं पाहिली आणि ऐटीत सांगितलं, "बाई, तुंगार्लीच."

बाईंनी चष्मा लावला. "घरांच्या शेजारचा रकाना वाच."

"कुटुंबं."

"किती आहेत?"

घरांपेक्षा कितीतरी कमी होती.

"मग बाकीच्या घरांतून दळण कोण आणणार? कुलूप?"

मी पुन्हा आकडे पाहू लागलो. चुलते मात्र हटणारे नव्हेत. "कागदाचं काय खरं धरता, बाई? हाफिसात बसून भरत्यात."

"जनगणनेला तुंगार्लीतले कागद मी भरलेत," बाई म्हणाल्या. "दारोदार फिरून कड्या वाजवल्यात. निम्मे बंगले सुट्टीत येणाऱ्यांचे, कोणी उघडायलाच आलं नाही."

संगीताने तिथल्या तिथे तुंगार्लीत पाहून ठेवलेल्या गाळ्याच्या मालकाला फोन करून नाही सांगितलं. चुलते चहा ढवळत बसले. मी लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात सरकवला आणि विचारलं, "बाई, दारं कुठे उघडली होती?"