अडकलेल्या फाईलमधला आवाज

बॅड सेक्टरचं, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या खराब झालेल्या जागांचं म्हणाल तर माझ्या जुन्या लॅपटॉपचं ऐका. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांचा एकुलता एक व्हिडिओ त्यात होता आणि कॉपी करताना हार्ड डिस्क नेमकी तिथेच अडकायची. कॉलेज रोडचा दुरुस्तीवाला म्हणाला, "त्याच फाईलवर बॅड सेक्टर आहेत. आशा सोडा."

घरी येऊन मी तरीही ती उघडून पाहिली. चित्र आलंच नाही, पण बाबांचा आवाज खणखणीत आला, "सुमन, चहा टाक गं!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "टाकते हो."

आणि लगेच पातेलं पडल्याचा आवाज आला. मी धावलो. आई ओट्याला धरून उभी होती, पांढरीफटक.

"कोण बोललं रे?"

"व्हिडिओ आहे आई. बाबांचा."

"परत लाव."

लावून पाहिला. पण ती फाईल पुन्हा कधी उघडलीच नाही.