एक्केचाळिसाव्या बाईचा ओटा

...आणि वर मलाच विचारतात, साहेब, एवढं काय चिडताय? अहो, चिडू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं बातमीदारी केली, पूल पडलेले पाहिले, फायली जळलेल्या पाहिल्या, पण धडधाकट बाई मोजणीतून अशी गळून पडलेली नव्हती पाहिली. मोजायला कुठून सुरुवात करायची, एवढंच विचारतोय मी!

अंधेरीतला आमचा मासळी बाजार पाडून नवा बांधला. एक्केचाळीस ओटे, एक्केचाळीस कोळणी, आणि बसायचा क्रम सासूकडून सुनेकडे आलेला, त्यात वादच नाही. शेवटची सगुणाबाई. बाजार कार्यालयाने वाटप संगणकाकडे दिलं, कारण माणसं पक्षपात करतात म्हणे. यादी लागली तर पहिलीला दुसरा ओटा, दुसरीला तिसरा, चाळिसावीला एक्केचाळिसावा, आणि सगुणाबाईसमोर... कोरं. पहिला ओटा रिकामा पडलाय, हे एकाच्याही डोळ्यांना दिसू नये?

सगुणाबाईची सून कल्पिता गोरेगावात प्रोग्रामिंग करते. तिने लॅपटॉपवर दाखवलं. काका, म्हणाली, कार्यालयाचा जुना प्रोग्राम एपीएल नावाच्या भाषेत होता, ती सहसा एकपासून मोजते. तिच्याकडे एक्केचाळिसावा ओटा मागितला, मिळाला. मग तिने त्याच घराण्यातल्या पुढच्या दोघी काढल्या. नावं काय, तर जे आणि के, बारशाला अक्षरं संपली असावीत. दोघी शून्यापासून मोजतात, म्हणजे शेवटच्या ओट्याचा नंबर चाळीस. जे-कडे एक्केचाळीस मागितला तर ती निदान ओरडते, असला ओटाच नाही म्हणून. के ओरडतसुद्धा नाही, कोरं देते आणि पुढे जाते. आणि कार्यालयाने जुना प्रोग्राम आणून ठेवला होता नेमका के-मध्ये, बायकांचे नंबर तसेच, एक ते एक्केचाळीस, ठेवून.

"मग बरोबर कोण?" मी विचारलं.

"तिघी बरोबर आहेत, काका."

तिघी बरोबर, आणि सगुणाबाई टोपली घेऊन फुटपाथवर! मोजायला कुठून सुरुवात करायची, एवढंच...

गेलो हेडक्लार्क भाऊरावांकडे. कल्पिताने समजावलं, प्रत्येक नंबरातून एक वजा करा, एका ओळीचं काम आहे. भाऊरावांनी डोळे मिटून ऐकलं.

"मशीन शून्यापासून मोजतं ना? मग शून्यावर कोणीतरी बसवू की."

आणि यादीच्या डोक्यावर, शून्य नंबरावर, चढवलं एक नाव. श्रीमती अबक, राहणार अंधेरी. मशीनने तिला काय दिलं असेल? पहिला ओटा, परवान्यासकट! सगुणाबाईसमोर पुन्हा कोरं. मी छापलं, तर कार्यालयाचा खुलासा आला, सर्व एक्केचाळीस ओट्यांचे वाटप पूर्ण. खोटं काय आहे त्यात, सांगा बघू? मोजायला कुठून सुरुवात करायची, एवढंच विचारतोय मी, आणि उत्तर द्यायला माणूस नाही.

शेवटी सगुणाबाई सरळ पहिल्या ओट्यावर जाऊन बसली, बोंबील मांडले. चौथ्या दिवशी नोटीस, श्रीमती अबक यांच्या ओट्यावर अतिक्रमण. सुनावणीला अबकबाई गैरहजर, म्हणून पुढची तारीख. असं तीनदा झालं. आता मी कोर्टात जायची भाषा करतोय, हातवारे करतोय, आणि ही बाई शांतपणे नोटीस बोंबलांखाली पसरत म्हणते,

"कशाला तापतंस रे भावा? ती आयली का उठते ना मी."